हा के ना?

एक माणूस गाढ झोपलेला आहे. त्याला कुणी हलवत नाही, हाक मारत नाही, कसलाही आवाज होत नाही. तरी तो दचकून उठतो आणि चपला न घालता बाहेर धावतो. का?

हे कोडं मी कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टाकलं होतं. आमची तरसाली म्हणजे बडोद्याचं दक्षिण टोक. एकेकाळचं गाव, आता महापालिकेत. पलीकडे मकरपुऱ्याची जीआयडीसी; तिथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये माझी नोकरी झाली. सोसायटीत माझ्यासारखे जुने बडोदेकर मराठी आहेत, चरोतरातले पटेल आहेत, सौराष्ट्रातून आलेले आहेत, उत्तर प्रदेशातले वेल्डरही आहेत. त्यामुळे कोजागिरीला मसाला दूध असतं आणि शरद पूनमचे दूध-पौवाही. पत्त्यांना चौघंच लागतात, गरब्याला गुडघे साथ देत नाहीत. कोडं मात्र सगळ्या गच्चीला पुरतं.

खेळ साधा आहे. एकाने अर्धीमुर्धी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारून उरलेली गोष्ट शोधायची. प्रश्न असे हवेत की ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. तिसरं उत्तर एकच: ‘देणंघेणं नाही’. आमच्याकडे हे सगळं गुजरातीत चालतं, म्हणून पोरांनी खेळाचं नावच ‘हा के ना’ पाडलंय आणि तिसरं उत्तर ‘लेवादेवा नथी’.

त्या रात्री पहिला प्रश्न आला, ‘‘स्वप्न पडलं?’’ ना. ‘‘भूकंप?’’ हा पटेलभाईंचा. २००१ च्या २६ जानेवारीचे हादरे ज्यांनी अनुभवलेत त्यांच्या मनात भूकंप आधी येतो. ना. ‘‘लाईट गेली, पंखा बंद, उकडलं?’’ ना. ‘‘डास?’’ ना. ‘‘तो घरी झोपलाय?’’ ना. इथे जरा चुळबूळ झाली. ‘‘कामावर झोपलाय?’’ हा. ‘‘रखवालदार?’’ हा. ‘‘चोर आला?’’ ना. मग पुष्कळ वेळ चोर, कुत्रा, साप, साहेब असे सगळे येऊन गेले. सगळ्यांना ना.

उत्तर दिलं ते तळमजल्यावरच्या भाभींनी. त्या घरीच पिठाची घंटी चालवतात. घंटी म्हणजे आपली गिरणी. त्या म्हणाल्या, ‘‘आवाज बंद झाला म्हणून उठला का?’’ हा! माणूस इमारतीच्या बांधकामावर रखवालदार आहे. पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात पाणी भरतं, ते उपसायला डिझेलचा पंप रात्रभर धडधडत असतो. त्या आवाजाची त्याला सवय झालेली. डिझेल संपलं, पंप थांबला, आणि त्या शांततेनेच तो जागा झाला. खड्डा भरायच्या आत पंप चालू करायला पळाला.

भाभींना कसं कळलं? त्यांचा मुलगा तान्हा असताना घंटीच्या घरघरीत झोपायचा आणि घंटी थांबली की रडत उठायचा. बाकी आम्ही सगळे ‘जाग येते ती काहीतरी घडल्याने’ असं धरून बसलो होतो. कोड्यात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं. ते आम्हीच घरून आणलं होतं.

अशी गृहीतकं सोडून विचार करण्याला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये दिलं. माल्टात जन्मलेले हे डॉक्टर. २०२१ मध्ये वारले. त्यांचं म्हणणं असं की एकच खड्डा खोल खोल खणत गेल्याने दुसरीकडचं पाणी लागत नाही. कधीकधी जागाच बदलावी लागते. त्यांच्या पुस्तकात एक सावकार आहे. कर्जदाराच्या मुलीवर त्याचा डोळा. तो म्हणतो, पिशवीत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकतो. पांढरा निघाला तर कर्ज माफ आणि तू मोकळी, काळा निघाला तरी कर्ज माफ, पण लग्न माझ्याशी. मुलगी बघते, तो लबाडीने दोन्ही काळेच टाकतोय. ती एक खडा काढते आणि न दाखवता वाटेवरच्या खड्यांत पाडते. ‘‘अगंबाई, पडला! पण पिशवीत उरलेला बघा ना, म्हणजे मी कुठला काढला ते कळेल.’’ सगळे काढलेल्या खड्याची चिंता करत असतात, ती उरलेल्याची करते.

नाव नवीन असलं तरी आपल्याला हे नवं नाही. अकबराने काढलेली रेघ न पुसता लहान करून दाखवणारा बिरबल आपण लहानपणीच ऐकलेला असतो: शेजारी मोठी रेघ काढली की झालं. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात वेताळ राजाला पेचात टाकतो. आणि आमच्या गुजरातेत अठराव्या शतकातल्या शामळ भटाच्या पद्यकथांत नायक-नायिका एकमेकांना समस्या घालतात. ज्याला उत्तर येतं त्याची वट. फरक एवढाच की वेताळाला राजा एकटा उत्तर देतो. ‘हा के ना’त एकट्याचं काम नाही.

पोरं मोबाइलवरून कोडी आणतात, त्यांत परदेशी पुष्कळ. त्यांतलं एक फार प्रसिद्ध: माणूस हॉटेलात सूप पितो, घरी जातो आणि जीव देतो. जपान-चीनमध्ये हे सूप कासवाचं असतं आणि या सगळ्या खेळालाच तिकडे ‘कासवाचं सूप’ म्हणतात. जर्मनीत २००४ पासून याच धर्तीच्या कोड्यांचे पत्त्यांसारखे संच मिळतात, त्यांत तर जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर एक मढं. आमच्या आजींनी ते बंद केलं. ‘‘लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ विचारत फिरतेय आणि तुम्ही तिला मढी मोजून दाखवताय?’’ तेव्हापासून गच्चीवर मेलेला माणूस चालत नाही. कोड्यांचं त्याने काही बिघडलं नाही.

आता प्रश्न कसे विचारावेत ते. नवखा माणूस थेट उत्तरावरच झेप घेतो: साप चावला? चोर आला? असा एकेक प्रश्न ‘ना’ने मरतो आणि हातात काही पडत नाही. ‘‘तो घरी झोपलाय?’’ हा खरा प्रश्न, कारण त्याला ‘ना’ आलं तरी निम्मं जग बाजूला पडलं. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत गेल्या तर वीस प्रश्नांत १० लाख ४८ हजार ५७६ शक्यतांतून एक निवडता येते. कारखान्यात आम्ही हेच करायचो. मोटर चालत नाही म्हटल्यावर शिकाऊ पोरगा मेन स्विचपासून एकेक जोड तपासत निघतो. जुना हात सर्किटच्या मधोमध टेस्टर लावतो. सप्लाय इथवर आलाय? तर बिघाड पुढे. नाही आला? तर मागे. दोन्ही उत्तरं कामाची.

‘चौकटीबाहेर विचार करा’ असा उपदेश हल्ली जो तो करतो. त्याचा उपयोग किती, ते एका जुन्या कोड्याने दाखवलंय. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके. हात न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडायचे. रेघा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेल्याशिवाय ते जमत नाही. १९८१ मध्ये वाइसबर्ग आणि आल्बा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ‘बाहेर जा’ असं सांगूनच टाकलं. तरी बहुतेकांना ते सुटलं नाही. बाहेर जायचं कळलं, पण कुठे, किती आणि कुठून वळायचं हे कोण सांगणार?

म्हणून मला वाटतं, या कोड्यांना हुशार माणसापेक्षा नाना तऱ्हेची माणसं लागतात. आपण काय गृहीत धरलंय ते आपल्याला दिसत नाही. शेजारच्याला दिसतं, कारण त्याने दुसरंच काही गृहीत धरलेलं असतं. आम्ही मेंटेनन्सवाले चौघं एकदा स्वतंत्र बसलो, तर चौघांचे प्रश्न सारखेच निघाले. भाभी, आजी, रिक्षावाले काका आणि नववीतली पोर बसली की गाडी कुठून कुठे जाते.

तुम्हालाही बसायचं असेल तर कोडी शोधत फिरू नका, आपल्या धंद्यातली घडवा. रोजच्या कामात जी गोष्ट तुम्हाला साधी वाटते आणि बाहेरच्याला चक्रावून टाकते, तिची मधली कडी काढून टाका, कोडं तयार. रिक्षावाल्या काकांचं उदाहरण घ्या: ‘‘पॅसेंजर बसला, मीटर पडलं, मी भाडं घेतलं, पण रिक्षा जागची हलली नाही. दोघंही खूश.’’ त्यावर आमचे बरेच दूध-पौवा संपले. उत्तर मुसळधार पावसात होतं: त्याला कुठे जायचंच नव्हतं, पाऊस थांबेपर्यंत कोरडं बसायचं होतं.

आणि कोडं घालणाऱ्यासाठी एकच सूचना. उत्तर जवळ आलं की हसायचं नाही. पटेलभाई हसतात, आणि त्यांची सगळी कोडी लवकर सुटतात.