सोबत्यांनी बांधलेल्या कबरी

सुरतेत कतारगाम दरवाजाच्या परिसरात युरोपीय वखारवाल्यांच्या जुन्या कबरी आहेत. घुमट, कमानी आणि जाडजूड खांबांच्या या इमारती लांबून एखाद्या मोगल सरदाराच्या मकबऱ्यासारख्या दिसतात. आत मात्र ख्रिस्ती व्यापारी पुरलेले आहेत. त्यांतल्या इंग्रज आणि डच माणसांचे नातलग बहुधा सातासमुद्रापलीकडे असत आणि मृत्यूची बातमी घरी पोचायला कित्येक महिने लागत. साहजिकच दफन, प्रार्थना आणि स्मारक ही सारी जबाबदारी बरोबरच्या माणसांवर येई.

इंग्रजांना 1613 मध्ये सुरतेत वखारीची परवानगी मिळाली. पुढे थोड्याच वर्षांत डचांनीही आपली वखार घातली. वखार म्हणजे केवळ मालाचे कोठार नव्हे. अध्यक्षापासून कारकुनापर्यंत सगळे एकाच वाड्यात राहत, एकाच पंगतीला जेवत आणि एकत्र उपासना करत. 1689 मध्ये सुरतेला आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने इंग्रजांच्या प्रार्थनागृहाचे वर्णन केले आहे. शहरातल्या मुसलमानांचे मन दुखावू नये म्हणून तिथे एकाही सजीवाची आकृती ठेवलेली नव्हती. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी त्या काळातली म्हणही त्यानेच नोंदवली. ताप आणि हगवण यांमुळे काल प्रार्थनेला शेजारी बसलेला माणूस आज नाही, हे नित्याचे झाले होते.

या कबरींमध्ये सर्वांत बोलका लेख ख्रिस्तोफर ऑक्सेंडनचा आहे. तो इंग्रज कंपनीचा नोकर. 1659 च्या एप्रिलमध्ये वारला. त्याच्या सोबत्यांनी लॅटिन मृत्युलेख रचला तो चक्क जमाखर्चाच्या भाषेत. या माणसाला आपल्या वहीत वर्षे मांडता आलीच नाहीत, फक्त दिवस मांडता आले. मृत्यूने अचानक हिशेबाला बोलावले, असे त्यात म्हटले आहे. पुढे कंपनीच्या मालकांना उद्देशून नफातोट्याचा ताळा दिला आहे : तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. जमेच्या बाजूला एकच रक्कम उरते, ती म्हणजे मरण हाच लाभ ही श्रद्धा. ती संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातून घेतलेली आहे. दिवसभर कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांनी आपले दुःखही त्याच शब्दांत मांडले.

ख्रिस्तोफरचा भाऊ सर जॉर्ज ऑक्सेंडन मराठी वाचकाला परका नाही. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा अध्यक्ष तोच. 1668 मध्ये मुंबई कंपनीकडे आली, तेव्हा तिचा कारभारही त्याच्याकडे गेला. जुलै 1669 मध्ये तो सुरतेतच वारला आणि त्याला भावाजवळच पुरले. दोघांचे मिळून झालेले हे स्मारक सुमारे 40 फूट उंच आहे.

डचांची तऱ्हा निराळी होती. 1666 मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो एका पट्टीच्या मद्यपी डचाच्या कबरीविषयी लिहितो. तिच्या माथ्यावर दगडी पेला होता, चारही कोपऱ्यांना एकेक पेला आणि प्रत्येकाशेजारी साखरेची ढेप कोरलेली. लहर आली की डच मंडळी तिथे जमत, त्या पेल्यांतच पेय तयार करत आणि लहान पेल्यांनी पीत. डच दफनभूमीतले सर्वांत भव्य स्मारक मात्र हेन्ड्रिक व्हान रीडचे आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवून घेतला. डिसेंबर 1691 मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावरच त्याचा अंत झाला.

या इमारतींची उंची पाहून त्यांत फक्त कंपन्यांचा डामडौल दिसतो, आणि तो होताही. सुरतेच्या लोकांनी आपल्याला मोठे मानावे म्हणूनच त्यांनी इथली घुमटांची शैली उचलली. परंतु ख्रिस्तोफरच्या लेखात मालकांच्या तोट्याला लागूनच सोबत्यांचा तोटा मांडलेला आहे, ही गोष्ट डामडौलात बसत नाही. इंग्रज कबरी आणि डच-आर्मेनियन दफनभूमी आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. सुरतेला जाणाऱ्याने किल्ल्याबरोबर त्याही पाहाव्यात.