भयाचे जुने दप्तर

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका जहरी सापाच्या पेटीपुढे चार्ल्स डार्विन मुद्दाम जाड काचेला तोंड लावून उभा राहिला, आणि सापाने फटका मारला तरी तसूभर हलायचे नाही असा त्याने मनाशी निर्धार केला. पण साप काचेवर आदळला मात्र, हा धीमंत गृहस्थ दोन-चार हात मागे उडाला. १८७२ सालच्या आपल्या भावनाविषयक ग्रंथात त्याने ही फजिती प्रांजळपणे नमूद केली आहे. बुद्धीचा हुकूम ज्या मुलखात चालत नाही, तेथला कारभार कोणत्या कायद्याने चालतो हे उमगल्याखेरीज भयग्रस्ताला केलेला उपदेश पालथ्या घड्यावरचे पाणी ठरतो.

आपल्याच घरात पाहावे. स्टोव्हच्या भडक्याने कितीक संसार होरपळले, तरी पंप मारताना सहसा कोणाचा हात कापत नसे. मोरीतून एखादे झुरळ निघाले की मात्र भली धीट माणसे पाटावर चढतात. काही भये चटकन शिकण्याची पूर्वतयारी उत्क्रांतीनेच आपल्यात करून ठेवली आहे, अशी उपपत्ती मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये मांडली. पुढे सुसान मिनेका व मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना, दुसरे माकड सापाला भिते आहे अशी चित्रफीत दाखवली, तेव्हा तीही सापाला भिऊ लागली. त्याच चित्रफितीत सापाच्या जागी फुले जोडून दाखवली, तर फुलांना काही ती भ्याली नाहीत. (अशा उपपत्तींची चटक लागते आणि मग स्वभावाची प्रत्येक खोड आदिमानवाच्या माथी मारली जाते, तो भाग निराळा.)

भय उतरवण्याचा आरंभीचा धडा मात्र मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. सशाशी खेळणाऱ्या निर्भय मुलांच्या संगतीने तो बराच सावरला. पण मध्यंतरी आजारपणाने दोन महिने खंड पडला, त्यात एका दांडग्या कुत्र्याने त्याला घाबरवले, आणि सारे मुसळ केरात! मग बाईंनी त्याला उंच खुर्चीवर बसवून आवडीचा खाऊ द्यावा, पिंजऱ्यातला ससा घास अडणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा आणि ते अंतर हळूहळू घटवत न्यावे, असा क्रम धरला. अखेर पोरगा सशाला आपली बोटे खुशाल कुरतडू देऊ लागला.

पीटरचे ते मध्येच उलटणे मला यशाइतकेच मोलाचे वाटते. भय विझले म्हणजे जुनी नोंद दप्तरातून खारीज होते असे नव्हे, तिच्या शेजारी नवी नोंद चढते. आणि ही नवी नोंद जेथे चढली त्या जागेपुरतीच अंमल गाजवते, जागा पालटली की जुनी पुन्हा डोके वर काढते. म्हणूनच पालीला भिणाऱ्या माणसाला जाणता उपचारक आधी चित्र, मग बरणीतली पाल दाखवतो, आणि दवाखान्यात तो निर्धास्त झाला तरी त्याला सोडत नाही. घरच्या स्वयंपाकघरात, शेजाऱ्याच्या जिन्यात, आणि शेवटी गावाकडच्या अंधाऱ्या न्हाणीघरात, कंदील बाहेर ठेवून, घटकाभर उभे राहायला लावतो.