कागदातली भावकी

जून-जुलै आला की जामखेडच्या तहसील कचेरीपुढे एक ओळखीचे दृश्य दिसते. बारावी झालेली पोरगी, तिच्यासोबत बाप, आणि बापाच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. पोरीला पुढच्या शिक्षणासाठी जातपडताळणीचे प्रमाणपत्र हवे आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या तारखेच्या आधीचा, घराण्यातल्या कोणाचा तरी कागद दाखवा, आणि त्या माणसाशी तुमचे रक्ताचे नाते काय ते वंशावळ लिहून सिद्ध करा, असे समिती सांगते. बाप म्हणतो, अमका आमच्या भावकीतलाच. पण भावकी तोंडाने सांगून चालत नाही, ती कागदात दिसावी लागते.

इथे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो यावाच. वंशावळ, कुळ, गोत्र ही तर जन्माधिष्ठित व्यवस्थेची हत्यारे. ज्यांनी ती व्यवस्था नाकारली त्यांनी वंशावळी कशाला जुळवायच्या? याचे उत्तर असे की ती आपण कुळाच्या अभिमानासाठी जुळवत नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्याकडेच आज लेखी पुरावा मागितला जातो. तो द्यायचा तर कागद वाचता आला पाहिजे. आणि कागद वाचणे म्हणजे नुसती अक्षरे लावणे नव्हे. तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला, हे ओळखणे म्हणजे कागद वाचणे.

इंग्लंडातले लोक आपली घराणी कशी शोधतात ते पाहिले तर हा मुद्दा स्पष्ट होईल. तिथे दोन मोठी साधने आहेत. एक, मृत्युपत्रे. १८५८ पासून ती दिवाणी न्यायालयाकडे मंजूर होऊन एका ठिकाणी नोंदली जातात. दुसरे, शिरगणती. १८४१ पासून घरोघरच्या माणसांची नावे, आणि १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते लिहिले गेले. शंभर वर्षे झाली की ही पाने लोकांना खुली होतात. १९२१ ची पाने २०२२ साली खुली झाली. मृत्युपत्रात बाप लग्न झालेल्या लेकीला तिच्या सासरच्या आडनावाने संबोधतो, तेवढ्यावरून हरवलेली मुलगी सापडते. शिरगणतीत एका छपराखाली कोण कोण होते ते कळते. दोन्ही ताडून पाहिले की गुंता सुटतो. तिथेही फसगत होतेच. जुन्या इंग्रजी कागदात ‘जावई’ असा अर्थ होणारा शब्द सावत्र मुलासाठी वापरलेला आढळतो, आणि १८४१ च्या शिरगणतीत मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेली आहेत.

आपल्याकडे या दोन्ही वाटा जवळजवळ बंद आहेत. मृत्युपत्र करायला मालमत्ता लागते. आणि शिरगणती १८७२ पासून झाली, तिने आपली डोकी मोजली, पण घरोघरच्या नोंदी आपल्याला पाहता येत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्या गोपनीय ठरवल्या आहेत, कोर्टात पुरावा म्हणूनही त्या चालत नाहीत. तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या वह्यांत सवर्णांच्या सात-सात पिढ्या सापडतात. पण ज्यांना नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांनी त्या वह्यांवर काय विसंबून राहावे?

मग आपला माणूस कागदात आला कुठे? जिथे सरकारला त्याची चाकरी हवी होती तिथे. महार वतनाच्या दप्तरात.

१८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदाराच्या मागे वारस कोण, याची नोंद होऊ लागली. गावाचा निरोप वाहणारा, सीमेच्या तंट्यात साक्ष देणारा, वसुलीचा पैका पोचवणारा माणूस सरकारला सापडला पाहिजे, म्हणून त्याचे नाव लिहिले. त्याच बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, ही कनिष्ठ वतने खालसा झाली आणि जमिनी कबजेहक्काची रक्कम भरून वतनदारांना नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. ज्या वतनाने माणूस गावाला बांधला, त्याच वतनाच्या कागदात आज त्याच्या नातवंडांना त्याचे नाव मिळते. हा विरोधाभास कडू आहे, पण कामाचा आहे.

वतनाच्या जमिनीचे फेरफार वाचताना पहिल्यांदा तक्षीम पाहावी. सगळी जमीन सोळा आणे धरली जाते. समजा, एका नोंदीत सटवाच्या नावापुढे आठ आणे आहेत, आणि तीन इतर नावांपुढे प्रत्येकी दोन आणे आठ पै. आठ आण्यांचे शहाण्णव पै होतात, त्यांचे तीन भाग केले की एकेक वाटा बत्तीस पै, म्हणजे दोन आणे आठ पै. अर्थ उघड आहे. मूळ दोन भाऊ, निम्मे निम्मे वाटेकरी. एक सटवा, किंवा सटवाचा बाप. दुसरा मयत झाला आणि त्याच्या मागे तीन मुलगे राहिले. तिघे एकमेकांचे सख्खे भाऊ असल्याचे कागदाने शब्दांत कुठेही सांगितले नसेल, पण हिशेबाने सांगितले आहे. मात्र एवढ्यावर थांबू नये. वाटा खरेदीनेही येतो, दत्तकालाही जातो, निपुत्रिक चुलत्याचा पुतण्यांनाही मिळतो. म्हणून वारसाची स्वतंत्र नोंद, म्हणजे गाव नमुना सहा-क, काढून ताळा पाहावा.

दुसरे, नावामधले छोटे शब्द. ‘राणू बिन सटवा’ म्हणजे सटवाचा मुलगा राणू. ‘भागा कोम सटवा’ म्हणजे सटवाची बायको भागा. ‘भ्रतार’ असले तर पुढचे नाव नवऱ्याचे. ‘अ.पा.क.’ असले तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता, बहुधा विधवा आई किंवा चुलता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नव्हे, त्याच्या पाठीमागे न लिहिलेले भाऊ उभे असतात. जुन्या नोंदीत आडनाव शोधू नये, तिथे जातीचे नावच आडनावाच्या जागी असते. एका भावाच्या मुलाला मास्तरांनी शाळेत कांबळे लिहिले, दुसऱ्याच्या मुलाला गायकवाड, आणि तिसऱ्याचा जातीच्याच नावाने राहिला, असे झाले की एकाच घराची तीन घरे दिसतात. तेव्हा आडनावावर न जाता बापाचे नाव, गाव आणि सर्व्हे नंबर यांची सांगड घालावी.

तिसरे साधन गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्ममृत्यू आणि जातीचा रकाना असतो. चौथे, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. त्यातली जन्मतारीख मात्र डोळे मिटून घेऊ नये. आपल्या कितीतरी आजोबांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, तो आईने नव्हे, मास्तरांनी ठरवलेला असतो.

जामखेडची आणखी एक अडचण आहे, ती नगर जिल्ह्याच्या इतर तालुक्यांना एवढी नाही. हा तालुका निजामाच्या मुलखाच्या कडेला. १७९५ ची मराठे-निजाम लढाई इथल्याच खर्ड्याला झाली. इंग्रजी अंमलात जामखेड मुंबई इलाख्यात, आणि शेजारचे आष्टी, पाटोदा, भूम, परांडा निजामाकडे. सोयरीक मात्र सरहद्द ओळखत नाही. आजीचे माहेर आष्टीला, आत्या भूमला दिलेली, आणि वतन जामखेडच्या गावात. इकडची हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यापासूनची, जुनी दप्तरे मोडीत. तिकडची कितीतरी उर्दूत, आणि साल फसली. फसली सनात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. मराठवाड्यातल्या गावांसाठी १९५४ च्या सुमाराचे खासरापत्रक अवश्य पाहावे. मात्र ते १९५० नंतरचे असल्याने नाते जुळवायला उपयोगी, जातीच्या जुन्या पुराव्याला नव्हे. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. त्याच दप्तरांत महारवाड्याची, मांगवाड्याची नावेही आहेत. ती वाचायला मोडी शिकलेली आपली मुले हवीत.

आणि आता जी या सगळ्या कागदांत जवळजवळ नाहीच, तिच्याविषयी. आपली आजी. १९५६ च्या वारसा कायद्यापूर्वीच्या फेरफारात मुलगी सहसा येत नाही. विधवा येते ती मुलगा नसला किंवा अज्ञान असला तर. तिने पाट लावला की एका गावच्या कागदातून ती नाहीशी होते आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने उगवते. पडताळणीही बापाच्या बाजूचीच वंशावळ विचारते. म्हणजे कचेरीचे काम आजीवाचून भागते, पण घराचे भागत नाही. दोन चुलत घरांतला तुटलेला धागा पुष्कळदा तिलाच ठाऊक असतो. कोणती जाऊ कोणत्या गावची, कोणाचे मूल कोणी सांभाळले, साखरपट्ट्यात ऊस तोडायला गेलेले कोण तिकडेच राहिले, हे तलाठ्याच्या दप्तरात नाही.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते त्या भूमिहीन आणि भटक्या जातींची स्थिती याहून बिकट आहे. त्यांच्याकडे तक्षीम नाही, सर्व्हे नंबर नाही, कधी गावही नाही. कागद नाही म्हणून माणूस खोटा, असे ज्या क्षणी शासन म्हणते त्या क्षणी ते जुन्या अन्यायालाच नवा शिक्का मारते. कागदाची उणीव हा अर्जदाराचा दोष नसून इतिहासाचा दोष आहे, हे समित्यांपुढे आणि न्यायालयांपुढे ठासून मांडले पाहिजे.

तोवर एक काम आपल्या हाताशी आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव बापाच्या आधी लावायला सांगितले आहे. आपणही घरोघर एक वही करावी. आजीला समोर बसवून तिचे नाव, तिच्या आईचे नाव, माहेरचे गाव, भावंडे, मेलेली लेकरेसुद्धा लिहून घ्यावीत, खाली तारीख आणि लिहिणाऱ्याची सही घालावी. फेरफाराच्या नकला याच वहीत चिकटवाव्यात. आजवर आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले, तेही त्यांना गरज पडली तेव्हा. पुढच्या पोरीला कचेरीपुढे उभे राहावे लागलेच, तर तिच्या पिशवीत निदान एक कागद आपण लिहिलेला असावा.