सिकलसेल: दोष कुणाच्या घराण्याचा?

मुलाला सिकलसेल ॲनिमिया निघाला की बोट बहुधा सुनेकडे वळते. “आमच्याकडे कुणाला नाही, तिच्या माहेरूनच आला.” हा आरोप विज्ञानात बसत नाही. हा आजार अप्रभावी आहे. तो व्हायला सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. एकच प्रत असलेला ‘वाहक’ सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही. आणि हा फक्त आदिवासींचा आजार, हेही खरे नाही. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींप्रमाणे विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही तो आहे.

याहून घातक हिशेब टक्क्यांचा. आईवडील दोघेही वाहक असतील तर ‘चारांत एक’, म्हणजे पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन सुटली! प्रत्यक्षात प्रत्येक गरोदरपणात डाव नव्याने मांडला जातो: रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची 25. सलग दोन मुले आजारी जन्मू शकतात, आणि चारही निरोगी असू शकतात.

मग प्रभावी जनुक अप्रभावीला दाबून टाकते का? शाळेत तसे ऐकल्याचे अनेकांना आठवते. पण वाहकाच्या तांबड्या पेशीत दोन्ही जनुके कामाला असतात. नेहमीचे हिमोग्लोबिनही बनते आणि सिकलचेही. म्हणून तर इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत दोन्ही वेगवेगळी दिसतात. नेहमीचे हिमोग्लोबिन पुरेसे असल्याने पेशी सहसा विळ्यासारख्या वाकत नाहीत, इतकेच. सारा फरक बीटा ग्लोबिन साखळीतल्या सहाव्या जागेचा: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. गंमत म्हणजे वाहकाला याच बदलामुळे गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले ते त्यामुळेच.

प्रभावी गुण समाजात जास्त दिसतो, हीसुद्धा समजूतच. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी, तरी घरोघरी सापडतो. हाताला सहावे बोट असणे पुष्कळदा प्रभावी वारशाने येते, पण असे हात किती दिसतात?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. आईवडिलांपैकी एकाच्या दोन्ही प्रती निरोगी असतील तर मुलाला सदोष जनुकाच्या दोन प्रती मिळूच शकत नाहीत. तेव्हा लग्न ठरवण्याआधी रक्त तपासा, मुलीचे आणि मुलाचेही.