भर दुपारी हातात दिवा

कोळशाच्या गावाचा इतिहास लिहायला बसलो की कागद भरपूर मिळतात. उत्पादनाचे तक्ते, रेल्वेचे आराखडे, पट्ट्यांचे करार. मिळत नाही तो माणसांचा दिवस. तो शोधण्यासाठी गेली काही वर्षे मी वर्धा खोऱ्यातल्या खाणगावांतील कुटुंबांकडे जाऊन त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांतील जुनी छायाचित्रे पाहतो आहे. त्यांतल्या चार छायाचित्रांविषयी इथे लिहितो. चौथ्याबाबत माझी चूक झाली होती. ती दुरुस्त करणे, हेही या लेखाचे एक कारण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. इथला कोळसा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर निघाला वरोऱ्याला. १८७० च्या दशकात सरकारने तिथे खाण चालवली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. त्याच सुमारास दक्षिणेला, गोंड राजांच्या जुन्या राजधानीच्या गावी, बल्लारपूरला नवी खाण उभी राहत होती. पुढे रेल्वे बल्लारशाहपर्यंत आली, १९२९ च्या सुमारास ती काझीपेठमार्गे दक्षिणेला जोडली गेली, आणि या जंगलाच्या कडेला मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी एकाच नळावर ऐकू येऊ लागल्या.

पहिले छायाचित्र समूहाचे आहे. असे जवळजवळ प्रत्येक पेटीत सापडते. खुर्च्यांवर साहेब आणि बाबू, मागे उभे सरदार आणि फिटर, पुढे जमिनीवर मांडी घालून मजूर. खाली छापील नावे आहेत, पण ती फक्त खुर्चीवाल्यांची. उभे आणि बसलेले बिननावाचे. इथे ‘सरदार’ म्हणजे पाळीवरच्या मजुरांवर देखरेख करणारा माणूस. अशी छायाचित्रे पाहताना मी चेहऱ्यांआधी पाय पाहतो. बूट, चपला आणि अनवाणी अशी तिथे सरळ उतरंड दिसते.

दुसरे दसऱ्याचे. वाघिण्या ओढणाऱ्या दोराच्या यंत्राला झेंडूच्या माळा, चाकावर हळदीकुंकवाचे बोट, बाजूला नारळ. खाणीत यंत्र बंद पडणे म्हणजे माणूस आत अडकणे, त्यामुळे ही पूजा मनापासून होत असे. यात मजूर पहिल्या रांगेत आहेत. साहेब कुठेतरी कडेला उभा आहे, उन्हाने डोळे बारीक करून.

तिसरे कामगारांच्या लाइनीचे. एकाला एक लागून खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात धुमसणारा ढीग. हा ढीग कसला ते बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. कच्चा कोळसा घरात पेटवला तर धुराने जीव गुदमरतो. म्हणून तो आधी उघड्यावर रचून जाळायचा, धूर निघून गेला की पाणी मारून विझवायचा आणि उरलेला हलका कोक शेगडीला वापरायचा. लाइनीतल्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले, ‘‘संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढले नाहीत तर पुन्हा धुवावे लागायचे.’’ छायाचित्रात दोरी आहे, पण तिच्यावर कपडा नाही. म्हणजे वेळ संध्याकाळची असावी.

या तिन्हींत खाणीचे पोट कुठेच नाही. त्याला साधे कारण आहे. आत अंधार, आणि त्या काळी उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. जिथे ज्वालाग्राही वायू आणि कोळशाची धूळ असू शकते, तिथे अशी भडक ज्वाला कोण पेटवू देणार? म्हणून खाणीच्या छायाचित्रांत खाण फार क्वचित असते. ती ओळखायची ती तिच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसांवरून.

चौथे छायाचित्र नेमके तसे आहे. खाणीच्या तोंडाशी सहा बायका उभ्या आहेत. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर कापडाची चुंबळ, पायाशी टोपल्या. मागच्या बाजूला निळ्या शाईत फक्त ‘१९४४’. मी वहीत नोंद केली : ‘वाघिणी भरणाऱ्या, वरच्या कामाच्या मजूर स्त्रिया’. घरच्यांचेही तेच म्हणणे होते. या सहांपैकी एक त्यांची आजी. ‘‘आमची आजी आत कधीच गेली नाही. वरच होती,’’ असे तिच्या मुलाने दोनदा सांगितले.

दुसऱ्या खेपेला भिंग लावले तेव्हा दोन बायकांच्या हातात दिवे दिसले. बायकांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या, म्हणजे वेळ भर दुपारची. भर दुपारी उघड्यावर टोपली वाहणाऱ्या बाईला दिवा कशाला? तो खाली उतरणाऱ्यालाच लागतो.

पण बायकांना खाली जायला बंदी होती ना? इथे साल कामी येते. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने कमी केले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते थांबले. मग युद्ध आले, कोळशाची टंचाई झाली, मजूर लष्करी बांधकामांकडे वळले. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली, आणि ती आधी उठवली ती मध्य प्रांतात, म्हणजे चांद्यासकट. बंगाल-बिहारचा क्रम नंतरचा. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडच्या खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा हा आणीबाणीचा उपाय आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, ही भूमिका त्यांनी मांडली. एक दार उघडण्याची किंमत आणि त्याच दारातून आलेला समान मजुरीचा हक्क, दोन्ही त्या अडीच वर्षांत एकत्र आहेत.

हे सगळे घेऊन मी त्या घरी परत गेलो. मुलगा बराच वेळ गप्प होता. आई अंधारात, परक्या पुरुषांबरोबर खाली राबली, हे त्याला कमीपणाचे वाटत होते. आत चूल फुंकणारी त्याची बायको मात्र बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘सासूबाई मला सांगायच्या. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही रागावले असते.’’

एवढे बोलून ती आत गेली. दिव्यांपैकी एक नेमका कुणाच्या हातात, हे तिने भिंगाविनाच बोटाने दाखवले होते.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने काही अटींवर स्त्रियांना पुन्हा भूमिगत कामाची परवानगी दिली. तेव्हा ‘पहिल्यांदाच’ हा शब्द पुष्कळ वापरला गेला. तो खरा नाही. वरोरा-बल्लारपूरच्या पट्ट्यात आजही अशा पेट्या माळ्यावर पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतली दोन-चार छायाचित्रे एकमेकांना चिकटून कायमची जातात. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर घरातल्या सर्वांत वयस्क बाईला ती एकदा दाखवा, आणि ती जी नावे सांगेल ती शिसपेन्सिलीने मागे लिहून ठेवा. शाई पुढे फुटते.

माझ्या वहीतली नोंद मी खोडली आहे. आता तिथे लिहिले आहे : ‘पाळीला निघालेल्या सहा खाणकामगार, १९४४.’ सहांपैकी एकीचे नाव मला कळले आहे. ते घरच्यांच्या इच्छेने इथे देत नाही, पण छायाचित्रामागे त्यांच्याच सुनेच्या हाताने आता ते लिहिलेले आहे.