चिवळ आता परसात लावू या

चिवळीची भाजी आपल्याकडे विकत कोण घेत होतं? खुरपायला गेलं की ओटीत यायची. आता कपाशी-सोयाबीनमध्ये तणनाशक फिरतं. फवारलेल्या रानातली चिवळ आणू नका, असं आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो. मग खायची कुठली? घरची.

चिवळ म्हणजे घोळ भाजीची धाकटी बहीण. घोळीचं पान रुंद, हिचं गव्हाच्या दाण्याएवढं, पण जाड आणि रसाळ. फांद्या जमिनीला धरून पसरतात, पेरापेराला मुळ्या धरतात. शेवग्याच्या, कढीपत्त्याच्या बुडाशी तिची चटईच होते. माती उघडी राहत नाही, ओल जास्त टिकते.

कमी पाण्यात ही तगते कशी? पाण्याचा ताण पडला की ती दिवसा पानांची बारीक छिद्रं मिटून घेते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. रात्री छिद्रं उघडून हवा घेते आणि ती आंबट रसाच्या रूपात पानात साठवते. दिवसा तो रस वापरला जातो. म्हणून ताणावरची चिवळ पहाटे खुडली तर जास्त आंबट लागते, संध्याकाळी कमी. करून बघा, गंमत वाटेल.

लावायला बी शोधत बसू नका. न फवारलेल्या जागेतून बोटभर लांबीच्या फांद्या आणा आणि मातीत आडव्या दाबा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात ही सडते. म्हणून वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. फांद्या धरेपर्यंत रोज हात शिंपडून पाणी द्या, मग माती सुकल्यावरच. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नको.

आणताना फांदी मोडून बघा. पांढरा चीक निघाला तर ती चिवळ नव्हे, टाकून द्या.

खुडताना शेंडे कापा, मूळ उपटू नका, पुन्हा फुटते. निवडायला मात्र कंटाळवाणी, हे खरं. जमिनीला चिकटलेली असल्याने माती फार, तीन-चार पाण्यांनी धुवावी लागते. ते पाणी परत वाफ्यालाच घाला. मग मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी, नाहीतर बेसन पेरून कोरडी. ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण हिच्यात ऑक्सलेट असतं. बाकीच्यांनीही उकळून ते पाणी टाकलं तर ते कमी होतं.