सत्तावीस किलोओहमचा ‘सा’ : छोटा सिंथेसायझर बनवत शिका सोल्डरिंग

पेडणे : चवथीच्या दिवसांत भजनाला बसावे आणि नेमका इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुका व्हावा, हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भजनी मंडळांना नवे नाही. पुष्कळदा आत मोठे काही बिघडलेले नसते. बॅटरीची तार सुटलेली असते, नाहीतर एखादा जोड सैल झालेला असतो. काम पाच मिनिटांचे, पण ते करणारा माणूस वाड्यावर नसतो. मग यंत्र घेऊन म्हापसा नाहीतर सावंतवाडी गाठायची.

हे काम शिकायला पदवी लागत नाही. दोन-तीन संध्याकाळ आणि हजार रुपयांच्या आतले सामान पुरते. सुरुवात मात्र तानपुरा उघडून करू नये. आधी स्वतःचा छोटा सिंथेसायझर बनवावा. त्यातली चूक लगेच कानाला कळते.

शिकायचे कशासाठी?

डिचोली तालुक्याने २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडलेल्या पाहिल्या. ट्रक उभे राहिले, गॅरेज आणि खानावळींचा धंदा बसला. एकाच धंद्यावर घर चालले की काय होते, ते तिथे कुणाला समजावून सांगायला नको. पेडण्यात तुये येथे राज्य सरकारने इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखली आहे. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. एक सिंथेसायझर बनवला म्हणून नोकरी मिळणार नाही. पण या हस्तकलेत आपल्याला गती आहे की नाही, हे फी भरण्याआधी कळते.

आवाज येतो कुठून?

पायपेटीत हवेने पितळी पट्टी थरथरते. सिंथेसायझरमध्ये वीजच चालू-बंद होते आणि स्पीकरचा पडदा त्याप्रमाणे मागे-पुढे हलतो. सेकंदाला साधारण २६२ वेळा हलला की ‘पांढरी एक’चा सा ऐकू येतो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रात्री धडधडणाऱ्या संगीताचे मूळही हेच. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली होती.

चालू-बंद करण्याचे काम ‘५५५’ नावाची आठ पायांची आयसी करते. हान्स कामेनझिंड यांनी ती १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली. आजही ती किरकोळ किमतीत मिळते.

जोडणी अशी

लागणारे सामान : ५५५ आयसी आणि तिचा बेस, झिरो बोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, ८ ओहमचा छोटा स्पीकर, दोन पुश बटणे, रेझिस्टर आणि कपॅसिटर.

आयसीवरची खाच वर धरली की डावीकडचा पहिला पाय क्रमांक १. तिथून खाली ४ पर्यंत आणि उजवीकडून वर ८ पर्यंत मोजायचे. १ बॅटरीच्या वजाला. ८ आणि ४ अधिकला. २ आणि ६ एकमेकांना जोडून तिथून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वर १०४ छापलेले असते) वजाला. ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहम. ३ मधून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची अधिक बाजू आयसीकडे. पुढे १०० ओहम, मग स्पीकर आणि तिथून वजाला. ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरड वजाला.

आता स्वर. ७ आणि ६ यांच्यामध्ये बटण आणि २७ किलोओहम लावले की सा. दुसऱ्या बटणाला १८ किलोओहम लावले की जवळपास पंचम. हिशेब सोपा आहे : १.४४ ला (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर, या गुणाकाराने भागायचे. रेझिस्टर वाढला की स्वर खाली उतरतो.

पण बाजारातल्या रेझिस्टरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, कपॅसिटरमध्ये त्याहून जास्त. एका अर्ध्या स्वराचे अंतर जेमतेम ६ टक्के, म्हणजे सा सहज बेसूर लागेल. म्हणून २७ च्या जागी २२ किलोओहम आणि १० चा प्रीसेट, १८ च्या जागी १५ आणि ५ चा प्रीसेट एकापुढे एक लावावेत. पायपेटीशी मिळवत स्क्रूड्रायव्हरने सूर जुळवता येतो.

कल्हईवाल्याची आठवण

पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला आधी भांडे तापवायचा, नवसागराने साफ करायचा आणि मग कथील फिरवायचा. सोल्डरिंगचा नियमही हाच : जागा स्वच्छ, आधी ताप, मग कथील. मात्र इथे नवसागर चालत नाही, तो तांबे खातो. राळ असलेली सोल्डर वायर घ्यावी.

२५ वॅटची इस्त्री पुरते. तिचे टोक पाय आणि तांब्याची गोल पट्टी, दोन्हींना टेकवावे आणि सोल्डर टोकाला न लावता जोडाला लावावी. दोन-तीन सेकंदांत चकचकीत, डोंगरासारखा उतरता जोड दिसला तर काम झाले. मळकट गोळी बसली तर तो ‘ड्राय’ जोड, पुन्हा तापवावा. आधी बेस जोडायचा, आयसी शेवटी बसवायची. पावसाळ्यातल्या दमट हवेने पाय काळे पडतात, ते आधी घासून घ्यावेत.

सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी, काम करताना काही खाऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांसोबत मोठे माणूस हवेच. घरच्या विजेवर चालणारे यंत्र या टप्प्यावर उघडायचे नाही.

आवाज आला नाही तर?

आधी बॅटरी, मग आयसीची दिशा, मग कपॅसिटरची अधिक-वजा बाजू, मग एकेक जोड. नव्वद टक्के जीव बॅटरी आणि जोडात अडकलेला असतो, असे समजूनच सुरुवात करावी. आवाज बारीक वाटला तर स्पीकर मडक्याच्या तोंडावर घट्ट बसवून बघा. उघड्या स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींचा आवाज खातात. मडके त्यांना वेगळे करते. घुमटाचा नाद मातीच्या पोकळीत वाढतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

सा लागला, पंचम जुळला, की मंडळाचा मुका पडलेला तानपुरा पुढ्यात घ्यायला हरकत नाही. बॅटरी काढून, झाकण उघडून सुटलेली तार शोधायची. चवथीची वाट मात्र बघू नये. सराव आधीच झालेला बरा.